तक्त्याच्या स्तंभांची नावे

संगणकावरील डेटाबेस म्हणजे माहितीचे तक्ते. एखाद्या तक्त्यात कोणकोणते स्तंभ आहेत हे पाहण्यासाठी पुष्कळजण जुनी छापील यादी काढतात. यादी छापल्यानंतर एखाद्या स्तंभाची भर पडली असली, तर त्या यादीवरून केलेल्या प्रतीतून तो निमूटपणे गळतो. म्हणून विचारायचे ते डेटाबेसलाच.

एडगर कॉड यांनी १९८५ साली घालून दिलेल्या नियमांतील चौथा नियम असा, की डेटाबेसचे वर्णनही इतर माहितीप्रमाणे तक्त्यांतच असावे व त्याच भाषेत विचारता यावे. पोस्टग्रेस किंवा मायएस्क्यूएलमध्ये ‘इन्फर्मेशन स्कीमा’मधील ‘कॉलम्स’ हा तक्ता हेच काम करतो. आपल्या तक्त्याचे नाव सांगावे, नावे क्रमांकवार मागावीत. (क्रम मागितला नाही, तर तो मिळेलच असे नाही.) ओरॅकलमध्ये ही सोय नाही, तेथे ‘यूजर टॅब कॉलम्स’ पाहावे आणि तक्त्याचे नाव बहुधा रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत द्यावे. एवढ्याशा चुकीने उत्तर कोरे येते, आणि तक्ताच नाही असा आपला समज होतो.

मला स्वतःला आवडते ती युक्ती निराळीच. कधीही खरी न ठरणारी अट घालून सारे स्तंभ मागावेत. ओळ एकही येत नाही, नुसते मथळे येतात.