हेन्री ऑक्झिंडनची टोपी



शिवराज्याभिषेकाचा प्रवेश आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगपासून मैदानातल्या महानाट्यापर्यंत सगळीकडे होतो. सिंहासन येतं, छत्र-चामरं येतात, अष्टप्रधान उभे राहतात, गागाभट्टांचे मंत्र सुरू होतात, आणि मग एका विंगेतून एक इंग्रज येतो. कमरेत वाकतो, नजराणा देतो आणि जातो. हा हेन्री ऑक्झिंडन. मुंबईच्या इंग्रजांचा वकील म्हणून तो 1674 साली रायगडावर आला आणि 6 जूनचा सोहळा डोळ्यांनी बघून त्याने तो लिहूनही ठेवला.

महाराजांच्या जिरेटोपावर कपडेपटवाले रात्री जागवतात. मावळ्यांच्या पागोट्यांचा पीळ कसा असावा यावर तालमीत भांडणं होतात, आणि व्हावीतच. इंग्रजाच्या डोक्यावर मात्र पेटीत हाताला लागेल ते चढतं. बहुतेक वेळा ती सोला हॅट असते, शिकारीला निघालेल्या कलेक्टरची. ही टोपी हिंदुस्थानात रुळली एकोणिसाव्या शतकात. म्हणजे रायगडावरचा आपला इंग्रज जवळजवळ दोनशे वर्षं पुढची टोपी घालून मुजरा करत असतो. कोणी जरा अभ्यास करतो आणि त्रिकोणी टोपी आणतो, तीन बाजूंनी काठ वर वळवलेली. ती निदान युरोपातली जुनी टोपी आहे. पण तिचं खरं राज्य अठराव्या शतकात.

मग 1674 मधल्या इंग्रजाच्या डोक्यावर काय असायचं? रुंद काठाची फेल्टची टोपी. त्याआधीच्या पिढीत इंग्रजांच्या टोप्या उंच, निमुळत्या होत्या. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात वरचा घुमट बसका झाला आणि काठ चांगला पसरला. घुमटाभोवती रेशमी फीत, फितीत खोचलेलं शहामृगाचं पीस, आणि काठाची एखादी बाजू किंचित वर उचललेली. अशा उचललेल्या बाजू पुढे वाढत वाढत तीन झाल्या.

चांगली टोपी बीव्हरच्या केसांची असे. बीव्हर म्हणजे पाण्यात बांध घालून राहणारा प्राणी. युरोपातले बहुतेक मारून संपले तेव्हा व्यापाऱ्यांची नजर कॅनडाकडे गेली. 1670 मध्ये चार्ल्स राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली, त्यामागे ही कातडी मोठं कारण होती. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1668 मध्ये, याच राजाने लग्नात आंदण मिळालेलं मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं होतं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. आता हा दर ऐका. सॅम्युएल पेपिस या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने 1661 साली आपल्या रोजनिशीत नव्या बीव्हर टोपीची किंमत टिपून ठेवली आहे, 4 पौंड 5 शिलिंग. म्हणजे अख्ख्या मुंबईचं वर्षाचं भाडं दोन टोप्या आणि वर थोडी चिल्लर! मलबार हिलवर घर शोधणाऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

बीव्हरची टोपी आपल्याला परवडणार नाही, मिळणारही नाही, आणि तिची गरजही नाही. जुन्या बाजारात फेल्टच्या हॅट मिळतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोरबाजार आहे, आणि घराघरांच्या माळ्यावर आजोबांची सुटाबरोबरची हॅट आहे. या हॅटपासून ऑक्झिंडनची टोपी करता येते. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की ती चिकटवून आणि शिवून होत नाही. ती वाफेवर होते.

फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नाही. लोकर ओली करून, दाबून, तुडवून तिचे केस एकमेकांत गुंतवतात आणि त्याचा एकजीव थर होतो. आपल्याकडचा बुरणूस असाच तयार होतो. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, उष्णता आणि ओल मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. अशा थराला उभा-आडवा धागा नसतो, त्यामुळे तो कुठल्याही दिशेला ओढता येतो आणि कापला तरी त्याची दशी निघत नाही. गरम वाफ लागली की केस सैल पडतात, हवा तो आकार घेतात, आणि वाळले की त्याच आकारात घट्ट होतात. पुन्हा वाफ दिली की पुन्हा सैल. शिंप्याच्या हातात असं आज्ञाधारक कापड दुसरं कुठलंही येत नाही.

म्हणून बाजारात हॅट घेताना पहिली गोष्ट, ती खरंच लोकरीची आहे का ते बघा. आतल्या कातडी पट्टीवर शिक्का असेल तर वाचा. नसेल तर आतून चार तंतू उपटा आणि काडीवर धरा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरगळणारी राख राहिली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. तो वाफेला दाद देत नाही आणि इस्त्रीखाली चकाकतो, म्हणून तो सोडून द्या. हिल स्टेशनवर घोड्यावर बसून फोटो काढायला घेतलेल्या काउबॉय हॅट या जातीच्या असतात. पण खऱ्या लोकरीची काउबॉय हॅट सापडली तर सोडू नका, कारण तिचा काठ रुंद असतो आणि आपलं निम्मं काम तिथेच होतं. आजोबांच्या हॅटचा काठ दोन-अडीच इंचांचा, आपल्याला हवा चार इंचांच्या आसपास.

रंग काळा किंवा तपकिरी बघा. पांढुरकी हॅट घेऊन काळी रंगवायचा मोह टाळा. रंगासाठी उकळलेलं फेल्ट आटतं आणि राज्याभिषेकाला लहान मुलाची टोपी घेऊन जावं लागतं. मापही एक नंबर मोठंच घ्या. त्या काळचे इंग्रज सभ्य गृहस्थ डोक्यावर कृत्रिम केसांचा टोप घालू लागले होते. नटाला लांब केसांचा विग घालणार असाल तर टेप विगवरूनच फिरवा, कपाळावर आणि कानांच्या वरून.

आता काम. आधी फीत उसवा. कातडी पट्टी आतच राहू द्या, तिच्यामुळे टोपी डोक्यावर बसते. किटलीत पाणी उकळून चोचीतून येणाऱ्या वाफेवर घुमट धरा, हातात जाड मोजे घालून. वाफेचा चटका तव्यापेक्षा वाईट असतो. घुमटाच्या पुढच्या बाजूला दोन बोटांनी दाबल्यासारखे खड्डे असतात, आणि विसावं शतक नेमकं त्यांत बसलेलं असतं. ते आतून मुठीने बाहेर ढकला. फेल्ट मऊ पडलं की घुमट पालथ्या पातेल्यावर ओढून बसवा. पातेलं डोक्याच्या मापाचं हवं, त्यावर प्लास्टिकचा कागद हवा, आणि बुडाची कड जितकी गोल तितकी बरी. घुमट जिथे संपतो तिथे रुंद इलॅस्टिक घाला, सुतळी नको, तिचा वळ उमटतो. मग हात लावू नका. पंख्याखाली रात्रभर, पावसाळ्यात दुसरा दिवसही, टोपी तशीच राहू द्या. ओली काढलेली टोपी संध्याकाळपर्यंत जुन्या सवयीवर जाते.

काठ अरुंद असेल तर तेवढ्यापुरता शिंपीपणा करावाच लागतो. त्याच रंगाच्या जाड फेल्टची मोठी चकती कापायची, मधे घुमटाच्या मापाचं भोक ठेवायचं, आणि ती वरून सरकवून जुन्या काठावर बसवायची. मग हाताने बारीक टाके. सांधा घुमटाच्या पायथ्याशी येतो आणि फितीखाली दडतो. जुना काठ खालून आधार देतो, त्यामुळे नवा काठ लोंबत नाही.

तरीही तो ताठ करावा लागेल. हौशी मंडळी पाण्यात फेविकॉल कालवून फासतात. काळ्या फेल्टवर तो पांढरट दिसतो आणि वाकवला की तडकतो. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाल्यांचा चपडा मिळतो, म्हणजे लाख. ती स्पिरिटमध्ये पातळ विरघळवा आणि काठाच्या खालच्या बाजूने ब्रशने द्या. टोप्या करणारे कारागीरही लाखच वापरत आले आहेत. हे काम गच्चीवर करा, स्पिरिटजवळ काडी पेटवू नका. कडेला आत जीआय तार घालून वरून उरेब पट्टी शिवली की काठाला हवा तो बाक देता येतो. डाव्या बाजूचा काठ वाफेवर थोडा उचला आणि घुमटाला आतून दोन टाक्यांनी पकडा. जास्त उचलाल तर अठराव्या शतकात शिराल.

हा आकार जमला की टोपी झाली. पंधराव्या रांगेतल्या माणसाला सोनेरी गोटा दिसत नाही, त्याला दिसते ती कडा, दिव्यासमोरची काळी बाह्यरेषा. म्हणूनच चुकीच्या आकाराच्या टोपीला कितीही जरी लावली तरी ती वरातीतली वाटते. माझं मत विचाराल तर पुठ्ठ्याच्या टोपीवर गोटा चिकटवण्यापेक्षा नटाला उघड्या डोक्याने पाठवा. निदान प्रेक्षक समजेल की टोपी बाहेर ठेवली आहे.

सजावट अगदी थोडी. इंचभर रुंदीची साटिणीची फीत, एका बाजूला सैल गाठ. पिसासाठी शहामृग शोधत बसू नका. पिसांच्या बोआमधली मऊ पिसं काढून तारेवर एकामागे एक बांधली की दुरून तेच वाटतं. पीस उचललेल्या बाजूने निघून मागे वळू द्या, आकाशाकडे उभं नको. आणि मोरपीस कधीही लावू नका. मोरपीस लागलं की इंग्रज वकिलाचा क्षणात कृष्ण होतो आणि पुढच्या रांगेतली आजी हात जोडते.

आता प्रवेशाचा विचार करा. ऑक्झिंडनच्या अहवालात प्रसंग असा आहे. त्याने लांबूनच महाराजांना मुजरा केला. त्याच्याबरोबरच्या नारायण शेणवी या दुभाष्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचं लक्ष गेलं, त्यांनी यांना थेट सिंहासनाच्या पायथ्यापाशी बोलावलं, पोशाख दिले, आणि मंडळी माघारी वळली. यात टोपी डोक्यावर किती वेळ आहे? विंगेतून येण्यापुरती. इंग्रजाचा आदर म्हणजे टोपी काढणं. आपल्याकडे दरबारात उघड्या डोक्याने जाणं हा अपमान, आणि जोडे घालून जाणं त्याहून मोठा. म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांत शेणव्यांचं पागोटं डोक्यावर आहे, वकिलाची टोपी हातात, आणि दोघेही आपापल्या परीने तोच मान देत आहेत. एवढं चित्र नीट उभं राहिलं तर त्या प्रवेशाला एक शब्दही जास्त लागत नाही.

म्हणजे ही टोपी हातात दिसायची आहे. म्हणून तिला अस्तर द्या, साधं तपकिरी सुती चालेल. आतून कारखान्याचा शिक्का आणि गोंदाचे डाग दिसायला नकोत. तसे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे टोपी काढल्यावर तिची आतली बाजू स्वतःकडे ठेवायची असते, समोरच्याला दाखवायची नसते. पण नट रिवाज विसरतो आणि अस्तर आपलं काम करतं. टोपी उजव्या हाताने घुमट न पकडता काठाने उचलायची, वाकताना बाजूला न्यायची. बोटांची पकड नेहमी एकाच ठिकाणी पडते, तिथे आतून जाड कापडाचा तुकडा लावून ठेवा, नाहीतर पाचव्या प्रयोगाला काठ मान टाकेल. आणि कृपा करून ही टोपी नटाला रंगीत तालमीच्या दिवशी देऊ नका. ज्याला टोपी काढायची सवय नाही तो ती काढताना विग घेऊनच काढतो. आधीच्या तालमींना कुठलीही जुनी हॅट द्या, पण काठ एवढाच रुंद हवा.

दौऱ्यावर टोपी पालथी, घुमटावर ठेवू नका आणि काठावरही ठेवू नका. खोक्यात वर्तमानपत्राचा बोळा करून त्यावर घुमट अडकवा, काठ अधांतरी राहू द्या. डांबरगोळ्या टाका. लोकरीवर कसर पडते, आणि कसरीला इतिहासाची मोठी गोडी असते.

प्रयोग संपले म्हणून टोपी माळ्यावर टाकू नका. पुढल्या वर्षी तुमच्या मंडळाने थोरल्या माधवराव पेशव्यांवर नाटक घेतलं, तर 1767 साली पुण्याला आलेला इंग्रज वकील मॉस्टिन लागेलच. डावीकडचे दोन टाके सोडा, कडेच्या तारेसकट काठ पुन्हा वाफेवर धरा, तीन बाजूंनी वर घ्या, कोपरा कपाळावर आणा. चार इंचांचा काठ त्रिकोणी टोपीला अगदी माफक बसतो. डाव्या बाजूला काळ्या फितीचं फूल आणि एक बटण लावा. पिसं मात्र आधी काढून घ्या, मॉस्टिनला ती शोभणार नाहीत.