बिऱ्हाडात बांधून नेण्याजोगी करवत

आम्ही बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बचतगटाच्या बाया बोलतोय. दसरा जवळ आलाय. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरी आता बिऱ्हाड बांधायची तयारी सुरू होईल. तवा, परात, पाट्या, पांघरुणं, कोयते. या वर्षी त्या गाठोड्यात आणखी एक वस्तू ठेवा, एवढंच सांगायला आलोय. ती वस्तू म्हणजे करवत.

तुम्ही म्हणाल, करवत सुताराची, आपल्याला कशाला? तर ऐका.

दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून कोपीवर आलं की चूल आपलीच वाट बघत असते. पाचट भुर्रकन जळतं, त्यावर भाकरी होत नाही. मग बांधावरचं वाळलेलं लाकूड आणायचं आणि कोयत्यानं तोडायचं. पण कोयता उसासाठी असतो. वाळलेल्या बाभळीवर तो आत जात नाही, उसळतो. दोन वर्षांमागं आमच्यातल्या एकीचा कोयता असाच उसळला आणि डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात बसला. टाके पडले, अकरा दिवस हात गळ्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती बसली तसे खाडे पडले आणि उचल फिटायच्या ऐवजी वाढली. दोन वेळच्या सरपणापायी हे झालं.

गावी आल्यावर आम्ही सुतारमामांकडं गेलो. म्हटलं, सोबत नेता येईल अशी काहीतरी करवत करून द्या. त्यांनी जुन्या पद्धतीची चौकटीची करवत दाखवली. ती सुटी होते, तिची मोळी बांधता येते.

तिला लागतं काय? मनगटापेक्षा बारीक अशा तीन दांड्या, एक पातं, दोरी आणि वीतभर काडी. लाकूड चांगलं वाळलेलं बाभळीचं किंवा सागाचं घ्या, ओलं नको. दोन उभ्या दांड्या साधारण सव्वा फुटाच्या. मधली आडवी दांडी पात्याच्या लांबीएवढी. पातं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. फांद्या कापायच्या करवतीचं, २१ किंवा २४ इंची मागा. दोन्ही टोकांना भोक असतं. उभ्या दांड्यांच्या खालच्या टोकाला चीर पाडायची, त्यात पातं सरकवायचं आणि आरपार खिळा किंवा बोल्ट घालायचा. आडवी दांडी उभ्या दांड्यांच्या मध्यावर खाचेत बसवायची. वरच्या टोकांना दोरीचे दोन-तीन वेढे द्यायचे. त्या वेढ्यांत काडी घालून पीळ द्यायचा आणि काडी आडव्या दांडीला अडकवायची. गाडीवर कडबा भरला की दोर काठीनं पिळून आवळतो ना, तसंच.

पहिल्या वेळी आम्ही घाई केली. मधली दांडी हलते म्हणून तिला दोन्हीकडून खिळे मारले. दोरी पिळली तरी पातं लोंबतंच! सुतारमामा हसले. म्हणाले, "ती हललीच पाहिजे." दोरी पिळली की उभ्या दांड्यांची वरची टोकं जवळ येतात. मधल्या दांडीचा टेकू असल्यानं खालची टोकं लांब जातात आणि पातं ताणतं. म्हणून मधल्या दांडीला खिळा नाही, डिंक नाही. नुसती खाचेत बसलेली असावी. पात्याला बोटानं टिचकी मारली की टणकन वाजलं पाहिजे.

आता कापायचं कसं? लाकडाची दोन्ही टोकं दोन दगडांवर ठेवून मधे कापू नका. लाकूड मधे दबतं, चीर मिटते आणि पातं अडकतं. कापायचा तुकडा दगडाबाहेर मोकळा ठेवा, म्हणजे तो खाली पडतो. लाकूड पायानं दाबून धरा, पण पाय पात्याच्या रेषेत नको. आधी दोन-चार हलके हात मारून खाच पाडा, मग पात्याच्या पूर्ण लांबीचे हात मारा. जोर लावायचा नाही. दाते आपलं काम करतात. पातं जड चाललं तर त्याला मेणबत्ती घासा. पिंडरीएवढ्या जाडीपर्यंतचं लाकूड आमच्या करवतीनं निघतं. त्याहून जाड ओंडका चौकटीत मावत नाही, त्याच्या नादी लागू नका.

काम झालं की दोरीचा पीळ सोडा, नाहीतर दांड्या वाकतात. दात्यांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवा, पोरांचा हात लागतो. सगळं जुन्या लुगड्यात गुंडाळलं की दोन फुटांची मोळी होते. दाते बोथट झाले तर तिकोनी कानशीनं घासा. मात्र दात्यांची टोकं काळसर निळी असतील तर त्यावर कानस चालत नाही. ते पातं बदलायचं.

बाजारात लाकडी मुठीची घडीची करवतही मिळते. एकटीला मनगटाएवढ्या फांदीपुरती ती बरी. घेताना एवढंच बघा, की उघडल्यावर पातं पक्कं अडकतंय ना. चालू कामात ते मिटलं तर बोटं सापडतात.

आणि एक. करवत हाती आली म्हणून हिरव्या झाडाला हात लावायचा नाही. वाळलेलं, पडलेलं तेवढंच. तेही शेतमालकाला विचारून.

मागच्या हंगामात आमच्या टोळीत पाच कोप्यांमागं एक करवत होती. सुट्टीच्या दिवशी दोघी-दोघी मिळून कापायचो, एकीनं लाकूड धरायचं, दुसरीनं करवत ओढायची. आठवड्याचं सरपण एका सकाळी व्हायचं. कोयत्यानं कुणाचा हात कापला नाही.

कुणी म्हणेल, बायांनी कुठं करवत धरायची का! सहा महिने आपल्या हातात कोयता चालतो, मग करवत का चालू नये? दसऱ्याला अजून वेळ आहे. गटात विषय काढा, सुतारमामांना गाठा आणि निघायच्या आधी चार लाकडं कापून हात बसवून घ्या.

सांभाळून जा, सगळ्या धडधाकट परत या. रामराम!