किशोरवय आणि आधाराची माणसे

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना किशोरवयीन मानते. या वयात घरापेक्षा मित्रमैत्रिणींची ओढ वाढते. मोठ्यांना काही सांगण्याचा संकोचही वाढतो. ‘आपलं कुणीच नाही’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांभोवती माणसे असतात. कशासाठी कोणाकडे जायचे, एवढेच उमगलेले नसते.

समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार मांडले: भावनिक, प्रत्यक्ष कामाचा, माहितीचा आणि स्वतःला जोखण्यासाठी लागणारा. मनातले ऐकून घेणारी आजी, रात्री क्लासहून घरी सोडणारा मामा, प्रवेशाची कागदपत्रे समजावणारा शेजारचा दादा आणि ‘गणित येतं तुला, घाई नडते’ असे सांगणाऱ्या बाई, हे चौघे चार प्रकारचा आधार देतात. एकाच माणसाकडून सगळे मागितले, तर पदरी निराशा येते.

ही माणसे ओळखण्यासाठी रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची यांची १९८० मधील तीन वर्तुळांची आकृती सोपी आहे. मध्यभागी स्वतः आणि भोवती जवळिकीनुसार माणसे. नववीतली एखादी मुलगी आतल्या वर्तुळात आई व मावसबहीण, मधल्यात जिवलग मैत्रीण व कबड्डीचे सर, बाहेरच्यात गावातल्या आशा स्वयंसेविका लिहील. मग प्रश्न विचारावेत: रात्री अकराला फोन कोणाला करता येईल? घरातल्याच माणसाचा त्रास असेल, तर कोणाला सांगता येईल? जिथे उत्तर सुचत नाही, तिथे आधाराचे जाळे विरळ आहे.

नाव लिहिले म्हणजे मदत मिळाली, असे नाही. ती मागावी लागते. ‘आत्या, सल्ला नको, दहा मिनिटं फक्त ऐकून घे,’ असे नेमके सांगितले की ऐकणाऱ्यालाही सोपे जाते. पुढचे मोठ्यांच्या हातात असते. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?’ हे ऐकलेले मूल पुन्हा सहसा येत नाही. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. मित्र जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर ते मोठ्यांना सांगणे म्हणजे चुगली नव्हे.

एका माणसानेही फरक पडतो. हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. गरिबी, पालकांचे व्यसन, घरातील कलह अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ प्रौढ झाली. त्यांच्या बाबतीत आजी-आजोबा, शिक्षक अशा एखाद्या भरवशाच्या व्यक्तीची साथ ठळकपणे दिसली.

जवळ कोणीच नसेल, तर बाहेरची दारे आहेत. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली मुलांची हेल्पलाइन १०९८ आज देशभर आहे. मानसिक त्रासासाठी २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही बोलता येते. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीनांना सल्ला मिळतो.

प्रत्येक शाळेने वर्षारंभी एक तासिका या तीन वर्तुळांसाठी ठेवावी आणि हे दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावेत.