रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणं खरं

इयरफोन लावलेत ना? आज माझीच गोष्ट सांगते.

नववीत होते. मान, खांदे, गुडघे... रोज काहीतरी दुखायचंच. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. मग आई म्हणाली, "शाळा बुडवायला नाटकं करतेस." दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दीड वर्षाने संधिवाताच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. यात सांधे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेला जास्तच संवेदनशील होतात, जणू व्हॉल्यूम फुल्लवर अडकलाय. म्हणून रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, पण दुखतं खरंच.

उपाय नुसत्या गोळ्यांचा नाही. ठरलेल्या वेळी झोप, समुपदेशन आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम. मी 5 मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात जास्तच दुखलं, रडलेही. आज अर्धा तास चालते, आई सोबत असते. दुखणं पूर्ण गेलं नाहीये, पण कॉलेज बुडत नाही.

3 महिन्यांहून जास्त दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. सांधा सुजला, ताप आला, वजन घटलं, तर लगेच. आणि मैत्रीण "दुखतंय" म्हणाली, तर आधी विश्वास ठेवा.

भेटू पुढच्या भागात!