शेवटच्या पानानंतर



ग्रंथालय अधिवेशनाच्या अध्यक्षाने अनुदान, दर्जावाढ आणि सेवकांचे वेतन यांवर बोलावे, अशी रीत आहे. हे प्रश्न ठरावांत आले आहेत आणि त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझा वेळ मात्र मी एका कादंबरीला देणार आहे.

पॅट्रिशिया मॅककॉर्मिक या अमेरिकी लेखिकेची 'सोल्ड' ही कादंबरी २००६ साली आली. नेपाळच्या डोंगरातली तेरा वर्षांची लक्ष्मी. पावसाने पीक गेलेले, सावत्र बाप जुगारी. शहरात घरकाम मिळेल असे सांगून तिला नेतात आणि ती कोलकात्याच्या कुंटणखान्यात पोहोचते. लेखिकेने नेपाळात आणि कोलकात्यात जाऊन अशा स्त्रियांचे अनुभव ऐकले, मग हे पुस्तक लिहिले. अमेरिकेतल्या अनेक शालेय ग्रंथालयांनी ते पुढे कपाटातून काढून टाकले.

काढणाऱ्यांची काळजी अगदीच खोटी नाही. अकरावीतली मुलगी हे पुस्तक घरी घेऊन गेली तर तिची झोप उडेल. पण लक्ष्मी तिच्याहूनही लहान आहे. ज्या वयात हे सोसावे लागते, त्या वयात ते वाचायला बंदी, हा न्याय मला पटत नाही. आपल्याकडे बंदी घालावी लागत नाही. वाचकच दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आणतो आणि म्हणतो, "वाचवत नाही हो, दुसरं काहीतरी द्या." त्या वाचकाला काय सांगायचे, हा आजचा माझा विषय आहे.

कादंबरीच्या शेवटी पोलिसांना घेऊन एक अमेरिकी माणूस येतो आणि सुटकेची वाट मोकळी होते. पुष्कळांना आशा तिथे दिसते. मला ती आधीच्या पानांत दिसते. त्या घरातल्या एका बाईचा मुलगा, हरीश, शाळेत जातो. तो लक्ष्मीला आपल्या पुस्तकातून वाचायला शिकवतो. मालकीण मुमताज लक्ष्मीच्या नावावरच्या कर्जाचा आकडा फुगवत राहते आणि ही पोर मनाशी हिशेब मांडत राहते. अमेरिकी माणसे मुलींची धिंड काढतात, अशी दहशत तिथे घातलेली असते. तरीही लक्ष्मी पुढे होते, कारण नाव, देश आणि वय सांगण्यापुरते शब्द आता तिच्यापाशी असतात. ते नसते, तर दारात आलेल्या माणसाला आत कोण आहे हे कळलेच नसते.

आणि दार उघडल्यावर पुढे काय होते? त्याची हकीकत आपल्या मुंबईतच घडली आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले आणि शेकडो मुली सोडवल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी नेपाळच्या होत्या. त्यांना परत घ्यायला त्यांचेच सरकार कां-कू करत राहिले. मुली महिनोन्‌महिने सुधारगृहांत अडकल्या. अखेर स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला, तेव्हा शंभराहून अधिक जणी मायदेशी पोहोचल्या. तिथेही समाज तोंड फिरवत होता. त्यांच्यातल्याच काही जणींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. विकल्या गेलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या या संस्थेला २०१३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'वाचवत नाही' म्हणणाऱ्या वाचकाला हे सांगायला हवे. कादंबरी जिथे थांबते, तिथून या बायकांचे काम सुरू झाले.

हे सारे दूरचे आहे, असेही कोणी समजू नये. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढ्या राखायला वेठबिगारीत दिल्याचे उघड झाले. मोबदला काय, तर थोडे पैसे आणि एखादी मेंढी. ऊसतोडीला आईबापांमागे जाणारी, वीटभट्टीवर राहणारी, पटावर नाव असून वर्गात नसलेली मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दलाल हेरतो तो अशीच घरे. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. कायदा आहे, क्रमांक आहे. पण ते वापरायला आधी कोणाला तरी माहीत असावे लागतात.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. अशी पुस्तके वरच्या फळीवर लपवू नका. ती देताना वाचकाशी दोन शब्द बोला आणि परत आणल्यावर चार शब्द ऐकून घ्या. १०९८ हा क्रमांक वृत्तपत्रांच्या टेबलाशी ठळक लावा. वीटभट्टीवर आणि पालावर महिन्यातून एकदा तरी पुस्तकांची पेटी न्या. वर्गणी मागू नका, अनामत मागू नका. मुलाला आपले नाव, गावाचे नाव आणि आईबापाचे नाव लिहिता येईल एवढे बघा. हरीशने लक्ष्मीसाठी याहून फार मोठे काही केले नव्हते.

छापील ठरावांत हा ठराव नाही. अध्यक्षपदाचा अधिकार वापरून तो मी आयत्या वेळी मांडते. अनुमोदन कोण देणार, तेवढे सांगा.