सरकीवरचा धागा कसा भरतो?



कापूस बाजारात नेला की व्यापारी चिमूटभर कापूस घेऊन धागा ओढून पाहतो आणि भाव सांगतो. लांबी, ताकद व पक्वता हे धाग्याचे गुण मात्र फुलानंतरच्या दीड महिन्यात, बोंडातच ठरलेले असतात. ते कसे, हे आज पाहू.

कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी होय. फूल उमलते त्याच सुमारास ती वाढू लागते आणि साधारण २० दिवस लांब होत जाते. सोळाव्या दिवसाच्या सुमारास तिच्यात आतून सेल्युलोजचे थर बसू लागतात. हे काम चाळीसाव्या दिवसापर्यंत चालते. पक्व धाग्यात ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असते.

सेल्युलोज बनते पानांतून आलेल्या साखरेपासून. सुक्रोज सिंथेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, साखर फोडते. त्यातून मिळणारे ग्लुकोज सेल्युलोज सिंथेज हे दुसरे विकर साखळीत जोडते. ही विकरे घडविणाऱ्या जनुकांची कुटुंबे आहेत. भावंडांनी कामे वाटून घ्यावीत तशी काही जनुके लांबी वाढताना, तर काही थर भरताना जोमाने काम करतात. वनस्पतींतील सेल्युलोज सिंथेजची जनुके १९९६ मध्ये प्रथम सापडली ती कपाशीच्या धाग्यातच. पुढे २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सुक्रोज सिंथेजचे जनुक दाबून पाहिले. ते जेथे फार दबले, त्या सरकीवर धागा जवळजवळ आलाच नाही.

जनुके बियाण्यातून येतात, पण त्यांना लागणारा कच्चा माल पीक पुरविते. म्हणून पुढील काळजी घ्या.

१) फुलोऱ्यापासून बोंडे भरेपर्यंत पाण्याचा ताण पडू देऊ नका. सोय असल्यास संरक्षित ओलीत द्या.

२) पाने हाच साखरेचा कारखाना आहे. तुडतुडे व लाल्यापासून ती जपा.

३) माती परीक्षणानुसार पालाश द्या. धागा लांबताना पेशीतील दाब त्यामुळे टिकतो.

४) पूर्ण उमललेलीच बोंडे वेचा. थंडीत उशिरा भरलेल्या बोंडांत सेल्युलोज कमी बसते. तो कापूस वेगळा ठेवा, चांगल्या मालात मिसळू नका.

अपक्व धाग्याचा मायक्रोनेअर कमी भरतो, सुतात गाठी येतात, रंगही नीट बसत नाही. त्याचा फटका शेवटी आपल्याच भावाला बसतो. तेव्हा बोंडे धरली म्हणजे पीक हाती आले, असे समजू नका. खरी भरण त्यानंतरच होते.