दुसऱ्याच्या आनंदाची नोकरी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितले की, ताई, तुम्ही इतकी वर्षे मनोरंजन उद्यानात नोकरी केली, त्याविषयी चार शब्द बोला. मी म्हटले, अहो, तिथे पाळणे फिरतात, पोरे ओरडतात, त्यात सांगण्यासारखे काय असणार? पण मग विचार केला. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली आज मॉलमध्ये, हॉटेलात, दवाखान्यात लोकांसमोर उभे राहून काम करतात. घरी आल्यावर त्यांना ऐकावे लागते, "ही काय नोकरी? दिवसभर उभे राहायचे आणि हसायचे." म्हणून बोलायचे ठरवले.

अशा उद्यानांचा इतिहास थोडक्यात सांगते. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामधील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. त्यामागची गोष्ट ते स्वतः सांगत. मुलींना बागेत घोड्यांच्या चक्रावर बसवायचे आणि आपण बाकावर बसून राहायचे, असे त्यांचे चालले होते. तेव्हा त्यांच्या मनात आले की आईबाप आणि मुले मिळून आनंद घेतील अशी एखादी जागा हवी. आपल्याकडे मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम. इथल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत ते पाहिले असेल. मी नोकरी केली ती अशाच एका उद्यानात, पण मुंबईबाहेर.

लोकांना दिसते ती गंमत. आमचा दिवस दरवाजे उघडण्याच्या आधी सुरू व्हायचा. प्रत्येक पाळण्याचे पट्टे, दांड्या, कुलपे तपासायची. मग तो रिकामा फिरवून पाहायचा. गर्दी सुरू झाली की एक जण बटणापाशी आणि एक जण पाळण्यापाशी. पाळण्यापाशी असलेला प्रत्येक दांडी हाताने ओढून बघणार, अंगठा वर करणार, मगच बटण दाबले जाणार. दिवसातून शंभरदा केले तरी शंभराव्या वेळीही दांडी ओढायचीच. माझ्या मते माया तिथूनच सुरू होते. ज्याचे नावगाव माहीत नाही अशा लेकराची दांडी दोनदा ओढून बघणे, ही मायाच आहे.

सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणे. मोठ्या पाळण्यापाशी उंचीची खूण असते. तिच्याखाली डोके राहिले तर बसता येत नाही. कारण दांडी ठराविक उंचीच्या शरीरासाठी बनवलेली असते, लहान मूल तिच्यातून निसटू शकते. एकदा साताठ वर्षांचा एक मुलगा तासभर रांगेत उभा राहून आला आणि दोन बोटांनी कमी भरला. त्याचे डोळे भरून आले. वडील चिडले, "दोन बोटांनी काय होतंय?" माझा जोडीदार वाद घालत बसला नाही. तो त्या मुलासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "साहेब, मला एक माणूस पाहिजे. ही मोजपट्टी धरायची. कोणी कमी भरला तर त्याला नीट समजावून सांगायचं. जमेल?" पुढची दहा मिनिटे तो मुलगा छाती काढून उभा होता. त्याच्याहून लहान मुलीला तो सांगत होता, "रडू नको, पुढच्या वर्षी ये." वडील बाजूला उभे राहून तोंड फिरवून डोळे पुसत होते. नियम तसूभरही मोडला नाही आणि मुलगाही हिरमुसला नाही.

दुसरी आठवण एका आजींची. गावाकडून नातवंडांबरोबर आलेल्या, नऊवारी लुगडे, पायात टायरच्या चपला. सकाळपासून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसलेल्या. आमच्याकडे झाडू मारणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी दोनदा येता-जाता पाहिले आणि तिसऱ्यांदा विचारले, "आजी, तुम्ही नाही बसला कशात?" आजी म्हणाल्या, "आगं बाई, आता माजं काय वय हाय व्हय? आन् लुगडं आडाकलं म्हंजी?" मावशींनी पिशव्या माझ्या ताब्यात दिल्या, आजींचा पदर कमरेला घट्ट खोचला, सुटे टोक राहिले नाही ना हे पाहिले आणि त्यांना घोड्यांच्या चक्रावर, घोड्यामागच्या रथात बसवले. चक्र अगदी हळू फिरते. पहिल्या फेरीला आजींनी डोळे मिटलेले, दुसऱ्या फेरीला उघडले, तिसऱ्या फेरीला त्या लहान मुलीसारख्या खळखळून हसत होत्या. उतरल्यावर त्यांनी पिशवीतली दशमी आणि चटणी काढून मावशींच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "साठ वरसांत मला कुणी इच्यारलं न्हवतं, बसतीस का म्हनून." मावशींना ती दशमी खाववेना. घरी नेऊन लेकरांना दिली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे पगारासाठी. हसण्याचे पैसेच मिळतात. खरे आहे, हसण्याचा पगार मिळतो. पण त्या मावशींना झाडू मारण्याचा पगार होता, विचारपूस करण्याचा नव्हता. ती त्यांनी स्वतःच्या मनाने केली.

अशी माया अंगी कशी येते, याचे एक मोठे उदाहरण जपानमध्ये घडले. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तिथे प्रचंड भूकंप झाला. त्या वेळी टोकियो डिस्नेलँड आणि शेजारचे डिस्नेसी या दोन उद्यानांत मिळून सुमारे ७० हजार पाहुणे होते. तिथले बहुतेक कर्मचारी अर्धवेळ काम करणारे, पुष्कळसे तरुण. जमीन हलू लागताच त्यांनी लोकांना खाली बसवले. दुकानांतली मऊ अस्वले आणि बाहुल्या काढून वाटल्या, की या डोक्यावर धरा, वरून काही पडले तर लागणार नाही. विक्रीची बिस्किटे-मिठाई फुकट वाटली. संध्याकाळी पाऊस आणि थंडी, तेव्हा कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या आणि पुठ्ठे अंगाभोवती घ्यायला दिले. गाड्या बंद होत्या. सुमारे २० हजार लोकांनी ती रात्र उद्यानातच काढली. कर्मचाऱ्यांनाही घरे होती, आईबाप होते, त्यांचीही खबर नव्हती. तरी ते पाहुण्यांपाशी थांबले.

हे एका दिवसात आले नाही. तिथे वर्षभर भूकंपाचा, आगीचा सराव सतत चालतो. आणि संकटात पाहुण्यांचा जीव आधी, माल नंतर, ही शिकवण पक्की असते. त्यामुळे कोवळ्या वयाच्या मुलीलाही दुकानातली बाहुली उचलून देताना साहेबाला विचारावे लागले नाही. बंधू-भगिनींनो, दयाबुद्धी मनात असतेच, पण तिला सराव लागतो आणि वरच्यांचा विश्वासही लागतो. पुढे १५ एप्रिल २०११ रोजी टोकियो डिस्नेलँड पुन्हा उघडले. १९८३ साली त्याच तारखेला ते पहिल्यांदा सुरू झाले होते.

शेवटी दोनच गोष्टी सांगते. बालमित्रांनो, उद्यानात गेलात आणि अस्वलाचा किंवा सशाचा पोशाख घातलेला कोणी दिसला, तर त्याचे शेपूट ओढू नका. त्या जाड पोशाखात उन्हातान्हात घामाघूम झालेला एखादा दादा किंवा ताई असते. कोणी उंचीसाठी थांबवले तर त्यांच्यावर रागावू नका. निघताना "काका, येतो" म्हणा. दिवसभर पाय दुखलेल्या माणसाला तेवढे पुरते.

आणि आईवडिलांनो, तुमची लेक संध्याकाळी अशा कामावरून घरी आली, तर पगार किती झाला हे नंतर विचारा. आधी विचारा, आज कोणाला हसवलेस? तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. विचारणारे कोणी नसते.